भीमेचा मासा आणि बारा महिने

मृग निघाला होता. रात्रभर पाऊस कोसळला होता. सकाळी आम्ही उजनी धरणाच्या काठच्या एका गावात गेलो.

गावाच्या ओढ्याला गढूळ पाणी आले होते. ते पाणी धरणाच्या पाण्यात शिरत होते. त्या तोंडाशी माणसांची झुंबड उडाली होती. कोणी जाळे टाकीत होते. कोणी पोत्याने, कोणी धोतराने मासे धरीत होते. पोरे काठ्या घेऊन धावत होती.

काठावर एक म्हातारी विळी घेऊन बसली होती. तिने एक मोठा रोहू चिरला. त्याच्या पोटातून गाभोळीचा मोठा गोळा बाहेर आला. म्हातारी थांबली. तिने तो गोळा हातावर घेतला.

ती म्हणाली, "बघा रं लेकरांनो. पुढच्या सालाची भाकर हाय ही. अन् आपण ती आजच कालवणात घालतोय."

जवळच एक तरुण जाळे झटकत उभा होता. तो म्हणाला, "आजी, खरं हाय तुझं. पण आपण नाय धरला, तर पल्याडच्या गावचा धरील. मग आपल्या हाती काय?"

आजी गप्प झाली. आम्हीही गप्प झालो. त्या तरुणाचा प्रश्न खरा होता.

या धड्यात आपण त्या प्रश्नाचे उत्तर शोधू. त्यासाठी आधी मासा ओळखला पाहिजे. तो कोणत्या महिन्यात कुठे असतो, काय करतो, हे पाहिले पाहिजे.

१. पाणी कुठून येते?

भीमा नदी भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. वाटेत तिला इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड अशा नद्या मिळतात. पुढे सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, उजनी येथे तिच्यावर मोठे धरण आहे. हे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असेही म्हणतात. त्याचे पाणी इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा आणि माढा या तालुक्यांच्या गावांना लागते.

धरणासाठी अनेक गावे उठली. जमिनी पाण्याखाली गेल्या. नदीवर पिढ्यान् पिढ्या जाळे टाकणारे कोळी आणि भोई होतेच. आता काही शेतकरीही जाळे घेऊन पाण्यात उतरले.

उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. त्यातले सुमारे ६३ टीएमसी पाणी तळाचे असते. त्याला मृतसाठा म्हणतात. वरचे सुमारे ५४ टीएमसी पाणी वापराचे. वापराचे पाणी संपले, की धरण 'शून्यावर आले' असे म्हणतात. त्याखाली गेले, की 'वजा' म्हणतात. शून्यावर आले म्हणजे धरण कोरडे पडले, असे नव्हे. मासा त्या तळाच्या पाण्यातच तग धरतो.

सोलापूरकडे पाऊस कमीच. तरी धरण भरते. कारण पाऊस वर मावळात पडतो. खडकवासला, पवना, चासकमान अशी वरची धरणे आधी भरतात. मग त्यांचे जादा पाणी खाली सुटते. म्हणून आपल्याकडचे लोक पावसाळ्यात एकच गोष्ट विचारतात, "दौंडला पाणी किती हाय?" दौंडला भीमेचे पाणी मोजतात. ते क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी.

दौंडचे पाणी वाढले, की उजनीचा मासाही जागा होतो. कसा, ते आता पाहू.

२. पहिले पाणी: जून ते ऑगस्ट

कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे एका जातकुळीचे. त्यांची एक खोड आहे. ते साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना वाहते, ताजे, पुराचे पाणी लागते. म्हणून पहिले गढूळ पाणी आले, की ते प्रवाहाच्या उलटे निघतात. ओढ्याच्या तोंडाशी येतात. नदीत वर चढतात. पुराचे पाणी पसरले, की तिथल्या उथळ जागी अंडी घालतात.

एका किलोच्या रोहू मादीच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. उबदार पाण्यात एका दिवसाच्या आत अंड्यांतून पिल्ले निघतात. त्यांतली बहुतेक पिल्ले मरतात. काहींना दुसरे मासे खातात. काही पाण्याबरोबर वाहून जातात. थोडीच जगतात. पण त्या थोड्यांवरच पुढचे साल उभे असते.

मरळीचे निराळे. ती कडेच्या गवतात अंडी घालते. तिची लालसर पिल्ले घोळक्याने पाण्यावर तरंगतात. आई-बाप खाली राहून त्यांची राखण करतात. पिल्लांचा घोळका दिसला, की खाली मोठी मरळ आहे, हे जाणत्याला कळते. तिथे गळ टाकला, तर मरळ मिळते. पण राखणदार गेला, की सगळा घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. एक मरळ आपल्या घरी येते आणि शेकडो मरळी बुडतात.

चिलापी हा परका मासा. तो आपल्या देशात १९५२ साली आणला गेला. त्याला पूर लागत नाही. तो साचलेल्या पाण्यात, वर्षातून अनेकदा अंडी घालतो. मादी अंडी तोंडात धरून उबवते. घाण पाण्यातही तो टिकतो. म्हणून उजनीत आज चिलापी फार दिसते. तिने पुष्कळ घरे चालवली, हे खरे. पण जिथे चिलापीच माजते, तिथे जुन्या माशांना जागा आणि खाणे कमी पडते.

आता पहा. पावसाळ्याच्या तोंडाला मासा धरणे फार सोपे. तो स्वतःच उथळ पाण्यात येतो. त्याचे लक्ष जाळ्याकडे नसते. पण हेच त्याचे बाळंतपणाचे दिवस. मासा सगळ्यांत सहज मिळतो, तेव्हाच हात आवरायचा असतो.

यासाठी पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवण्याचे दिवस ठरवले जातात. आपल्या जलाशयाला कोणत्या तारखा लागू आहेत, ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात किंवा आपल्या सहकारी संस्थेत विचारावे.

धरणाच्या खालच्या गावांनी आणखी एक जपावे. दारे उघडली, की मासे धारेखाली गोळा होतात. त्यांना वर चढायचे असते. ते पाहून माणसाला मोह होतो. पण पाणी केव्हा वाढेल, याचा नेम नसतो. भोंगा वाजला, की जाळे सोडून वर यावे. जाळे पुन्हा विणता येते.

३. भरलेले धरण: सप्टेंबर ते नोव्हेंबर

भाद्रपद, आश्विनात धरण काठोकाठ भरते. पाहुणा म्हणतो, "एवढे पाणी! मासा किती असेल!" पण याच दिवसांत जाळे पुष्कळदा हलके येते.

कारण सोपे आहे. घरात दहा माणसे असली, तर सहज सापडतात. तीच दहा माणसे जत्रेत शिरली, तर शोधावी लागतात. पाणी पसरले, की मासाही पसरतो. बुडालेल्या शेतांत, बाभळींच्या झाडोऱ्यात त्याला भरपूर खाणे मिळते. तो फार हिंडत नाही.

हे माशाच्या वाढीचे दिवस. याच सुमारास संस्था आणि ठेकेदार धरणात मत्स्यबीज सोडतात. धरणाच्या पाण्यात बोटाएवढे झालेले पिल्लू सोडावे. त्याला बोटुकली म्हणतात. त्याहून बारीक पिल्ले सोडली, तर मोठे मासे ती गिळतात आणि पैसा पाण्यात जातो.

पूर्वी हे बीज नदीच्या पुरातून गाळून आणावे लागे. त्यात नको त्या जातीही येत. १९५७ साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी नवी युक्ती सिद्ध केली. माशाच्या डोक्यातील एका ग्रंथीचा रस त्यांनी माशाला टोचला. तेव्हा तळ्यात ठेवलेल्या माशांनीही अंडी घातली. तो दिवस १० जुलैचा होता. आपल्या देशात तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज बीज मिळते, ते या शोधामुळे.

४. थंडीचे दिवस: डिसेंबर ते फेब्रुवारी

आपले अंग थंडीतही ऊन राहते. माशाचे तसे नाही. पाणी गार झाले, की त्याचे अंगही गार होते. मग त्याची भूक मंदावते. तो कमी हिंडतो. खोल पाण्यात बसून राहतो. जो हिंडत नाही, तो जाळ्यात कसा येणार?

म्हणून कडाक्याच्या थंडीत मासळी कमी निघते. जाणते लोक या दिवसांत उन्हे वर येण्याची वाट पाहतात. दुपारी कडेचे उथळ पाणी तापते. तेव्हा मासा थोडा वर येतो.

याच दिवसांत पाणी हळूहळू उतरू लागते. भिगवणकडे चिखलाच्या कडा उघड्या पडतात. तिथे लांब पायांचे रोहित पक्षी उतरतात. त्यांना पाहायला दूरदूरचे लोक येतात. आपली होडी घेऊन त्यांना हिंडवणाऱ्यांना तेवढीच जोड मिळते.

५. उतरते पाणी: मार्च ते मे

उन्हाळ्यात कालव्याला, शेतीला, गावांना पाणी सुटते. ऊनही पाणी ओढून घेते. जलाशय आकसतो. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर येते. मासे जुन्या नदीच्या पात्रात आणि डोहांत गोळा होतात. ऊन पाण्यात त्यांची भूक वाढते. ते हिंडतात. जाळी जड येतात. भिगवणच्या बाजारात लिलावाला मासळी येते. ही मच्छीमाराची सुगी.

पण सुगीतच दोन धोके आहेत.

पहिला धोका प्राणवायूचा. माशालाही प्राणवायू लागतो. तो पाण्यात विरघळलेला असतो. पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. त्यातच वरच्या शहरांचे सांडपाणी नदीतून येते. ते कुजताना प्राणवायू खाते. पाणी हिरवे होते. जलपर्णी माजते. पहाटे प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. त्या वेळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासतात. ही माशांची धाप आहे. असे दिसले, तर संस्थेला आणि मत्स्य कार्यालयाला कळवावे. मेलेले मासे खाऊ नयेत आणि विकू नयेत.

दुसरा धोका आपल्याच हातचा. डोहात कोंडलेला मासा सगळाच्या सगळा काढता येतो. पण डोह म्हणजे माशाची बियाण्याची कणगी. शेतकरी उपाशी राहील, पण बियाणे दळून खाणार नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण पुन्हा भरले. दोन-तीन महिन्यांत पाणी परत येते. पण डोह झाडून काढला असेल, तर त्या पाण्यात अंडी कोण घालणार?

काही लोक सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारतात. हा १८९७ सालच्या कायद्यापासून गुन्हा आहे. त्यात लहान-मोठा सगळा जीव मरतो. माणसाचे हातही उडतात.

६. बारीक डोळ्यांचे जाळे: एक हिशेब

काही टोळ्या फार बारीक डोळ्यांचे जाळे ओढतात. उजनीकाठी त्याला वडाप म्हणतात. त्यातून बोटुकलीही सुटत नाही. आता आपण हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, एकाने १०० ग्रॅमचे १० मासे धरले. झाले १ किलो. लहान मासळीला भाव मिळाला किलोला ६० रुपये. हातात आले ६० रुपये.

समजा, ते १० मासे सोडून दिले. सालभरात त्यांतले ४ मेले. ६ राहिले. प्रत्येक ८०० ग्रॅमचा झाला. ६ गुणिले ८०० म्हणजे ४,८०० ग्रॅम. म्हणजे ४ किलो ८०० ग्रॅम. मोठ्या मासळीला भाव मिळाला किलोला १५० रुपये. हातात आले ७२० रुपये.

कुठे ६० आणि कुठे ७२०! मोठ्या डोळ्यांचे जाळे लहान माशाला सोडते. ते आज थोडे कमी देते, पण उद्याचे राखून ठेवते.

७. वळवाचा वारा

माशाचे सांगितले. आता माणसाचे सांगतो.

एप्रिल, मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग येतात. आधी हवा कोंडते. मग एकाएकी वारा सुटतो. उजनीचे पाणी मैलोन् मैल मोकळे. त्यावर वाऱ्याला अडवायला काही नाही. पाहता पाहता लाटा उठतात.

२१ मे २०२४ चा दिवस. संध्याकाळची वेळ. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे एक प्रवासी होडी निघाली होती. वादळी वारा सुटला. होडी उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले.

म्हणून काही गोष्टी घोकून ठेवा. वळवाच्या दिवसांत जाळी सकाळी काढा. ढग काळे झाले, की काठ गाठा. होडीत जादा माणसे घेऊ नका. बुडू न देणारे जाकीट अंगात घाला. ते होडीत नुसते पडून असेल, तर उपयोग नाही. पोहता येणारालाही ते लागते, कारण जाळ्यात पाय अडकला, तर पोहणे कामाला येत नाही. निघताना घरी सांगा, कुठे जातो आणि केव्हा येणार.

८. आजीच्या नातवाचा प्रश्न

पहिल्या पाण्याच्या त्या दिवशी, संध्याकाळी गावच्या देवळात बैठक भरली. आम्हीही बसलो. तो तरुण त्या आजीचाच नातू निघाला. त्याने दोन गोष्टी विचारल्या.

पहिली, "मी थांबलो, अन् दुसरा थांबला नाय, तर?"

दुसरी, "बंदीच्या दिवसांत खायचं काय?"

पहिल्याचे उत्तर असे निघाले. एकट्याने हात आवरून भागत नाही. पाणी एक आहे, मासा एक आहे. अलीकडच्या काठाचा रोहू रात्रीत पलीकडच्या काठाला जातो. म्हणून ठराव दोन्ही काठांच्या गावांनी मिळून केला पाहिजे. पहिल्या पाण्याला ओढ्यांच्या तोंडाशी कोणी जाळे लावायचे नाही. एक-दोन खोल डोह उन्हाळ्यातही राखायचे. बारीक जाळ्याची मासळी व्यापाऱ्याने घ्यायची नाही. घेणाराच नसला, तर धरणारा आपोआप थांबतो.

दुसऱ्याचे उत्तर अवघड होते. ते पुरते निघाले नाही. सुगीत किलोमागे थोडा पैसा संस्थेत ठेवावा, असे ठरले. समजा, दिवसाला १५ किलो मासळी आणि किलोमागे ५ रुपये. रोजचे झाले ७५ रुपये. १०० दिवसांचे झाले ७,५०० रुपये. एवढ्यात दोन महिने घर चालत नाही. पण सावकाराच्या दारी जाणे लांबते. जोडीला शेतातली मजुरी आहे. सुगीत वाळवलेली मासळी आहे. २०२० साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या मत्स्य योजनेत बंदीच्या काळासाठी एक तरतूद होती. मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे, सरकारने ३,००० रुपये घालायचे, आणि बंदीच्या तीन महिन्यांत ते ४,५०० रुपये परत मिळायचे. अशी सोय आज आपल्याला मिळते का, हे कार्यालयात जाऊन विचारावे. तुम्ही आता वाचता, लिहिता. अर्ज स्वतः वाचा. आकडे स्वतः तपासा. मगच सही करा.

बैठक उठली, तेव्हा काही जण अजून कुरकुरत होते. कोणी म्हणाले, "पल्याडचे लोक ऐकतील काय?" नातू म्हणाला, "उद्या मी जातो अन् विचारतो. न विचारताच कसं कळंल?"

आजी म्हणाली, "जा बाबा. अन् जाताना जाळं घरी ठिवून जा. म्हंजी त्यांचा इस्वास बसंल."

विचार करा आणि सांगा

१. सोलापूरकडे पाऊस कमी असूनही उजनी धरण कसे भरते?
२. रोहू पहिल्या पाण्याला ओढ्याच्या तोंडाशी का येतो?
३. धरण भरल्यावर जाळे हलके का येते?
४. पहाटे मासे पाण्यावर आ वासतात. याचा अर्थ काय?
५. वर ७२० रुपयांचा हिशेब दिला आहे. १० पैकी ६ मासे मेले आणि ४ राहिले, तर किती रुपये येतील? ते ६० पेक्षा जास्त की कमी?
६. तुमच्या गावच्या नदीवर किंवा तळ्यावर कोणता डोह राखता येईल? चार जणांत बसून ठरवा.

शब्दांचे अर्थ

गाभोळी – माशाच्या पोटातील अंड्यांचा गोळा
बोटुकली – बोटाएवढे वाढलेले माशाचे पिल्लू
मृतसाठा – धरणातील तळाचे पाणी
डोह – नदीतील खोल जागा
प्राणवायू – जगण्यासाठी लागणारा हवेचा भाग
जलपर्णी – पाण्यावर तरंगत पसरणारी वनस्पती